मिनेसोटात घरच्या द्राक्षांची वाइन केली, दात आंबले. आता काय करू?

कुडकुडराव:

मंडळी, आज सकाळी अंगणात उणे सव्वीस सेल्सिअस होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचे छत्तीस वेल दिसतात. गुडघाभर बर्फात उभे, तारेवरून लोंबणाऱ्या वाळक्या काड्या. जिवंत आहेत की गेले, देव जाणे. त्यांचीच पहिली वाइन तळघरात काचेच्या तीन कारबॉयमध्ये (अरुंद मानेच्या मोठ्या बरण्यांत) बसली आहे. काल पुन्हा चाखली. एका घोटात दात आंबले, दुसरा घोट घेववला नाही.

आम्ही सेंट पॉलच्या पूर्वेला राहतो, सेंट क्रॉई नदी गाडीने दहा मिनिटांवर. घरामागे दक्षिणेकडे उतरणारा एक तुकडा आहे. उन्हाळाभर तिथलं गवत कापत बसायचं, बाकी उपयोग शून्य. चार वर्षांपूर्वी तिथे मार्केट जातीचे चोवीस आणि फ्रॉन्टनॅकचे बारा वेल लावले. (मार्केट म्हणजे बाजार नव्हे, वाणाचं नाव आहे. हे बायकोला सांगून थकलो. ती आईला फोनवर "हे मागे मार्केट लावतायत" असंच सांगते, आणि आई विचारते, दुकान कसलं?)

गेल्या सप्टेंबरात पहिलं खरं पीक आलं. रॉबिन पक्ष्यांनी कडेची ओळ दोन दिवसांत साफ केली, तेव्हा घाबरून ५ सप्टेंबरला सगळं तोडलं. रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायचं यंत्र) साखर २१ ब्रिक्स, म्हणजे साधारण शेकडा २१, दिसली, म्हटलं पुरे. दोन्ही जाती एकत्र चिरडल्या, सालांसकट आठ दिवस आंबवल्या, दाबून गाळल्या, वाइन टिकावी म्हणून सल्फाइट घातलं आणि झाकून ठेवलं. रंग असा की त्या दिवशीच्या शर्टावरचा डाग अजून जांभळा आहे. वासही छान, चेरीसारखा. चव मात्र निव्वळ लिंबू.

शेजारचे आजोबा चार वर्षं एकच वाक्य म्हणतायत: "इथे मका लावतात."

तर मंडळी, इथे खरंच चांगली वाइन होते का, की मी आपला हौसेला मोल नाही म्हणत बसलोय? आणि ही साठ लिटर वाचेल का?

पेलाभर:

कुडकुडराव, राग मानू नका. पाहुणे आले की त्यांना घेऊन मी इथल्या वाइनरींत पाच-सहा वेळा गेलोय. लाल वाइन एक तर खोकल्याच्या औषधासारखी, नाहीतर आंबटपणा झाकायला साखरेत घोळवलेली. आणि मध्ये काहीतरी पोकळ. घोट घेतला की सुरुवात आहे, शेवट आहे, मधलं गायब.

ज्या गावात जानेवारीत गाडी सुरू व्हायला नाही म्हणते तिथे पिनो नुआर व्हायची नाही. शरद ऋतूत कॅलिफोर्नियाची द्राक्षं पेट्यांनी मागवता येतात, त्यांची वाइन करा. मागच्या उतारावर सफरचंदं लावा. आजोबाही खूश.

वेलांटी:

पेलाभर, तुमचं निम्मं पटलं. उरलेल्या निम्म्यावर भांडते.

मी इथे अकरा हंगाम काढलेत. एकशे चाळीस वेल आहेत, विकायला नाही, घरापुरते. लहानपण द्राक्षबागेत गेलं, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा तोरा होता. तो पहिल्याच मे महिन्यात उतरला, ते पुढे सांगते.

आधी थंडीचं. पिनो, शार्डोने, काबरने ही युरोपातली जात उणे वीस-पंचविसाच्या आसपास डोळे (काडीवरच्या, पुढची फूट देणाऱ्या कळ्या) गमावते, आणखी खाली गेलं की खोडच तडकतं. मिनिआपोलिसला ३० जानेवारी २०१९ ला उणे ३३ झालं होतं. गंमत म्हणजे मिनिआपोलिस आणि बोर्दो जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, ४५ च्या आगेमागे. उन्हाळ्यातला दिवस तेवढाच लांब, ऊन भरपूर. फक्त बोर्दोला शेजारी समुद्र आहे आणि आपल्याला शेजारी कॅनडा.

पण कुडकुडराव, तुमचे वेल त्या नाजूक जातीचे नाहीतच. नदीकाठी झाडांवर चढलेली रानद्राक्षं पाहिली असतील: वाटाण्याएवढे काळे मणी, तोंडात टाकले की आपोआप डोळे मिटतात. ती व्हिटिस रिपॅरिया. उणे पस्तीसला तिचं काही बिघडत नाही. तुमच्या नदीपलीकडे, विस्कॉन्सिनातल्या ऑसिओलाला एल्मर स्वेन्सन नावाचा शेतकरी होता. गाईंचा गोठा सांभाळून हा माणूस १९४३ पासून या रानद्राक्षांची फ्रेंच संकरित वाणांशी लग्नं लावत बसला. मागेल त्याला काड्या द्यायचा. त्याच्या एका वाणाचं नावच सेंट क्रॉई आहे. २००४ साली तो गेला. मिनेसोटा विद्यापीठानेही सत्तरच्या दशकात वाइनच्या द्राक्षांचं काम हाती घेतलं, त्यातून फ्रॉन्टनॅक १९९६ साली आलं, ला क्रेसेंट २००२, तुमचं मार्केट २००६ आणि इटास्का २०१७. मार्केटच्या आजी-आजोबांत पिनो नुआर आहे, हे पेलाभरांच्या माहितीसाठी.

तेव्हा वेल जगणार का, हा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. जो सुटलेला नाही तो तुमच्या दातांना कळला. रानद्राक्षाकडून थंडी सोसायचा गुण घेतला, सोबत तिच्या माहेरचा आंबटपणाही आला.

आता तुमची चूक. अहो, ५ सप्टेंबर? या भागात ५ सप्टेंबरला मार्केट तोडणं म्हणजे कैऱ्या तोडून आमरस करणं. या वाणांत साखर लवकर चढते आणि आम्ल उशिरा उतरतं. माझ्या वहीतली एका वर्षाची नोंद देते. १२ सप्टेंबर: साखर २४, आम्लता लिटरला १३ ग्रॅम. २७ सप्टेंबर: साखर साडेपंचवीस, आम्लता साडेदहा. साखरेकडे बघत बसले असते तर त्या पंधरा दिवसांत काहीच झालं नाही असं वाटलं असतं. फ्रॉन्टनॅक आणखी हट्टी, पंचवीस ब्रिक्सला पोचूनही लिटरला पंधरा ग्रॅम आम्ल बाळगून असतं. लाल वाइनला सहा-सात ग्रॅम पुरतात.

म्हणून मी आता रिफ्रॅक्टोमीटर शेवटी काढते. आधी मणी चावते. बी गरापासून सहज सुटली पाहिजे, तपकिरी दिसली पाहिजे, दाताखाली हिरव्या काडीसारखी न लागता कुरकुरीत फुटली पाहिजे. घडाच्या खालच्या टोकाचा मणी चाखायचा, तो सगळ्यात मागे असतो. आणि सावलीतल्या घडाचा चाखायचा. उन्हातला घड आपल्याला खूश करायला बसलेला असतो.

पण हे पंधरा दिवस मिळवायचे तर जाळी हवी. मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे इथे ऑगस्टचा पहिला-दुसरा आठवडा, की लगेच. पक्ष्यांना रंग बदललेला आपल्या आधी कळतो. जाळी खालून बांधायची, क्लिपा लावायच्या. रॉबिन चालत आत शिरतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता त्या तोऱ्याची गोष्ट. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, अशा दोन. इथे एकच, हिवाळा सरताना. पहिल्या वर्षी मार्च ऊबदार होता, मी उत्साहात सगळी बाग दोन-दोन डोळ्यांवर आणून ठेवली. मार्केट आधीच लवकर फुटणारं. मेच्या मध्याला बोटभर फूट, गुलाबी कडा, फोटोबिटो काढले. मग एका रात्री उणे तीन. पहाटे काही दिसलं नाही, उलट पानं चमकत होती. दहा वाजेपर्यंत ती उकळून फेकलेल्या चहाच्या चोथ्यासारखी झाली. एका डोळ्यात तीन अंकुर असतात, पहिला गेला तर दुसरा फुटतो, म्हणून वेल वाचले. पण दुसऱ्या अंकुराला घड कमी. त्या वर्षी वाइन झाली ती एका बादलीत मावली.

तेव्हापासून मार्चमध्ये फक्त मोठा पसारा काढते आणि काड्या लांब ठेवते. काडीच्या टोकाचे डोळे आधी फुटतात, बुडाचे झोपून राहतात. धोका टळला की बुडाकडे छाटते. कापलेल्या जागेतून पाणी टपटप गळतं, बघवत नाही, पण वेलाला त्याने काही होत नाही.

बाकी शत्रू पटकन सांगते. भुरी आणि डाऊनी हे बुरशीचे रोग इथेही आहेत. शेजारच्या मक्यात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि वारा तुमच्याकडे असला तर पानं पंख्यासारखी आकसतात, शिरा एकमेकींना चिकटतात. द्राक्ष या औषधाला फार हळवं. आजोबांशी गोड राहा, फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करायला सांगा. आणि सोयाबीन काढलं की नारिंगी आशियाई ढालकिडे फुटक्या मण्यांत दडून बसतात. घडाबरोबर चिरडले गेले तर वाइनला शेंगदाण्याचा, हिरव्या मिरचीचा असा एक कुबट वास लागतो, तो जात नाही. क्रेट उन्हात ठेवून झटकायचे. माझी मुलगी एका किड्याला पाच सेंट घ्यायची.

शेवटी वाइनचं. फ्रॉन्टनॅकची भारदस्त लाल वाइन करायचा नाद सोडा. मी त्याचा रस सालांवर जेमतेम पाच-सहा तास ठेवते आणि गाळून गुलाबी करते. थंडगार प्यायची असली की तोच आंबटपणा कामाला येतो. पेलाभरांना लाल जड आणि गोड लागली, कारण लोक या द्राक्षाकडून काबरने मागतात. ला क्रेसेंटची पांढरी लेबल झाकून कुणाला द्या, जर्दाळूचा असा वास येतो की माणूस दोनदा ग्लासात नाक घालतो.

पेलाभर, एक विचारायचं राहिलं. ज्या बाटल्या तुम्ही प्यायलात त्यांच्या लेबलावर काय लिहिलं होतं?

सामू३:

वेलांटीताईंनी शेताचं सांगितलं, मी तळघराचं सांगतो. व्यवसायाने प्रयोगशाळेत आहे, वाइन शनिवार-रविवार.

कुडकुडराव, काही घालायच्या आधी दोन आकडे काढा: सामू (पीएच) आणि आम्लता. हे दोन वेगळे आहेत. सामू जिवाणू जगतील का ते सांगतो, आम्लता जिभेला काय वाटेल ते. आम्लता मोजायचा साधा संच पुरतो, पण फ्रॉन्टनॅकच्या रंगात निर्देशकाचा रंग बदललेला दिसतच नाही. आधी नमुन्यात ऊर्ध्वपातित पाणी घालून तो फिका करा, किंवा सरळ सामूमापक लावून ८.२ वर थांबा.

तुमच्या वाइनमध्ये मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. मॅलिक म्हणजे हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा, कच्च्या द्राक्षात तेच जास्त. पोटॅशियम बायकार्बोनेट घातलं की टार्टारिक उतरतं, मॅलिक ढिम्म हलत नाही. मॅलिक हलवायला जिवंत काहीतरी लागतं. ७१बी नावाचं यीस्ट आंबवतानाच त्याचा पाचवा ते तिसरा हिस्सा खाऊन टाकतं, ते पुढच्या वर्षी नक्की वापरा. दुसरा मार्ग मॅलोलॅक्टिक जिवाणूंचा. ते मॅलिकचं लॅक्टिक करतात, एक ग्रॅम मॅलिक गेलं की आम्लता अर्ध्या ग्रॅमहून थोडी जास्त कमी होते. पण या मंडळींचे नखरे आहेत: सामू ३.१-३.२ च्या खाली काम करायला कुरकुरतात, थंडीत झोपतात आणि सल्फाइट दिसलं की मरतात. तुम्ही सल्फाइट घालून बसलात, म्हणजे या वर्षी तो रस्ता जवळजवळ बंद.

उरलं बायकार्बोनेट आणि थंडी. लिटरला साधारण एक ग्रॅम घातलं की आम्लता अंदाजे एक ग्रॅमने उतरते. सगळ्या साठ लिटरवर एकदम प्रयोग करू नका. एक-एक लिटरच्या तीन बाटल्या घ्या, एकीत एक ग्रॅम, दुसरीत दोन, तिसरीत तीन. फेस येतो, बाटली काठोकाठ भरू नका. मग आठ-दहा दिवस थंडीत ठेवा. तळाशी आणि काचेवर खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे खडे बसतील, ते टार्टारिकचं मीठ. वरची वाइन अलगद काढून चाखा.

थंडी फुकट आहे म्हणून माझ्यासारखं करू नका. एका जानेवारीत मी कारबॉय गॅरेजमध्ये ठेवून झोपलो. रात्री उणे तीस झालं. सकाळी काच फुटून खाली पडलेली आणि मधोमध जांभळ्या बर्फाचा खांब उभा, कारबॉयच्या आकाराचा, मानेसकट. बारा टक्के अल्कोहोलची वाइन उणे पाच-सहाच्या आसपास गोठायला लागते. उणे दोन-तीन राहील अशी जागा शोधा. मी जुना बंद फ्रीज गॅरेजमध्ये ठेवलाय, आत एक बल्ब. जगात फ्रीज गरम करण्यासाठी वीज वापरणारे आपणच.

मग थोडी साखर घालून तोल साधता येतो, त्यात कमीपणा नाही. साखर घातली तर पुन्हा आंबू नये म्हणून सॉर्बेट लागतं, सल्फाइटच्या जोडीने. पण ज्या वाइनमध्ये मॅलोलॅक्टिक जिवाणू हिंडतायत तिथे सॉर्बेट कधीच नको. ते सॉर्बेट खातात आणि वाइनला जिरॅनियमच्या चुरगळलेल्या पानांचा वास येतो. औषध नाही, ओतून द्यायची.

पेलाभर, तुमच्या त्या पोकळपणाबद्दल. बरोबर पकडलंत. संकरित द्राक्षांतली प्रथिनं टॅनिनला (सालीबियांतला तुरट पदार्थ, तोंडात पकड त्यानेच येते) चिकटतात आणि गाळात घेऊन बसतात. सालांवर महिनाभर ठेवली तरी रंग गडद होतो, तोंडात पकड येत नाही. कॉर्नेल विद्यापीठात यावर चांगलं काम झालंय. आंबवतानाच टॅनिनची पूड ओतली तर तीही गाळातच जाते. आंबवणं संपून गाळ काढला की मग ओकचं लाकूड किंवा टॅनिन घालायचं.

पेलाभर:

वेलांटी, तुमच्या प्रश्नाने गॅरेजमध्ये जायला लावलंत. रिकाम्या बाटल्यांचा खोका तसाच होता. तीन सापडल्या. दोनवर पुढे वाइनरीचं नाव, तळ्याचं चित्र, लून पक्षी, आणि मागे बारीक अक्षरात 'अमेरिकन'. तिसरीवर 'मिनेसोटा'. खोकल्याचं औषध यातलं कुठलं ते आता आठवत नाही, प्रामाणिकपणे सांगतो.

वेलांटी:

तेच म्हणायचं होतं! लेबलावर राज्याचं नाव लिहायचं तर किमान ७५ टक्के द्राक्ष त्या राज्यातलं लागतं. 'अप्पर मिसिसिपी रिव्हर व्हॅली' लिहिलं असेल (२००९ पासून हा अधिकृत द्राक्षप्रदेश आहे, क्षेत्रफळाने अमेरिकेतला सगळ्यात मोठा) तर ८५ टक्के. नुसतं 'अमेरिकन' म्हणजे देशात कुठलंही. बाहेर बर्फ आणि लून, आत कदाचित कॅलिफोर्निया.

आधी इथे १९८० चा कायदा होता. त्याखाली परवाना घेणाऱ्या फार्म वाइनरीने निम्म्याहून जास्त माल मिनेसोटातला वापरायचा. दोन वाइनरींनी त्याविरुद्ध दावा केला आणि २०२० मध्ये संघीय न्यायालयाने ती अट रद्द केली. मला दोन्ही बाजू कळतात. एका मेच्या रात्रीत पीक गेलं तर त्या वाइनरीने वर्षभर काय विकायचं? पण मग बाटली उलटून वाचायची सवय आपण लावून घ्यायची. ती तिसरी बाटली पुन्हा आणून प्या आणि सांगा.

कुडकुडराव:

मंडळी, उशीर झाला, पण गृहपाठ करून आलोय.

सामू ३.०२, आम्लता १२.८. आकडे बघून बायको म्हणाली, हे तर शाईचंच झालं. तीन बाटल्या केल्या, बंद पोर्चमध्ये थर्मामीटर लावून दहा दिवस ठेवल्या, रात्री दोनदा उठून आत आणाव्या लागल्या. खडे अगदी सांगितल्यासारखे बसले, बाटली हलवली की काचेत वाळू वाजते. एक ग्रॅमवाली अजून लिंबूच. तीन ग्रॅमवाली सपाट, तोंडात साबणासारखं काहीतरी मागे राहतं. दोनवाली बरी. मोजली तर साडेदहा. त्यात लिटरला दहा ग्रॅम साखर घालून थंड करून दिली तर बायकोने अख्खा ग्लास संपवला आणि पुढच्या वेळी कमी साखर घाल म्हणाली. म्हणजे पुढची वेळ आहे.

दोन कारबॉयना दोन ग्रॅमचा हिशोब लावतोय. तिसरा तसाच ठेवतो, पुढच्या वर्षीच्या पिकलेल्या मालात मिसळून बघेन.

एक आणखी केलं. रविवारी थोडं उबदार होतं, उणे सहा. बर्फात जाऊन काड्या कापून आणल्या, दोन दिवस घरात पाण्यात ठेवल्या, मग ओट्यावर दिव्याखाली ब्लेड घेऊन बसलो. डोळा आडवा कापायचा, पातळ चकती उडवल्यासारखा. पहिला कापला तर आत तपकिरी, मेलेला. हात गार पडले. दुसरा कापला तर मधोमध मोहरीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका, दोन्ही बाजूंना आणखी बारीक दोन. ओट्यावर ओळीने पन्नास डोळे मांडले. मार्केटच्या पन्नासांत एक्केचाळीस हिरवे. फ्रॉन्टनॅकच्या वीसांत एकोणीस. एवढ्या थंडीत काय खाऊन जगतात कोण जाणे. नऊ मेलेत म्हणून छाटताना मार्केटवर थोडे जास्त डोळे ठेवतो, बरोबर ना?

हे चालू असताना शेजारचे आजोबा बर्फ काढायचं यंत्र मागायला आले होते. त्यांनाही ब्लेड दिलं. चार डोळे कापले, चष्मा पुसून पाचवा कापला. फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करेन म्हणाले. मक्याचं काही बोलले नाहीत.

जाळी आत्ताच मागवून ठेवतो म्हणजे ऑगस्टात धावपळ नको. चौदा फुटी घेऊ की सतरा फुटी? तार सहा फुटांवर आहे.

वेलांटी:

डोळ्यांचा हिशोब बरोबर.

सतरा फुटी. तार सहा फुटांवर म्हणजे दोन्ही बाजूंनी बारा फूट झाले, वर पानांचा घेर, आणि खाली गुंडाळून क्लिप लावायला हातभर शिल्लक हवी. चौदा फुटी घेतलीत तर खाली फट राहील आणि रॉबिन चालत आत येईल. कडेच्या ओळीपासून सुरुवात करा, ती त्यांच्या ओळखीची आहे.